आधी चेहरा दाखवा

कारखान्यात तिला सगळे रेडिओ म्हणायचे. आता जिथे मागांच्या ओळीच्या ओळी दिवसभर खडखडत असतात, जिथे शेजारच्याने कानाशी येऊन बोंब मारली तरी पत्ता लागत नाही, तिथे एखाद्या बाईला रेडिओ म्हणायचं म्हणजे थट्टाच की! पण थट्टा अगदीच खोटी नव्हती. मागांच्या शेडमध्ये माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढण्यात अर्थच नसतो. ओठ मोठे आणि सावकाश हलवायचे, जोडीला भुवया, हनुवटी, हाताची दोन बोटं. कामाला नवी लागलेली बाई पहिले काही महिने वेंधळ्यासारखी बघत राहते आणि मग एके दिवशी तिला डोळ्यांनी ऐकू यायला लागतं. रेडिओला तर पाच-सहा माग ओलांडून पलीकडच्या मावशीचं सुनेशी झालेलं भांडण सकाळी सकाळी इत्थंभूत कळायचं, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेलं असायचं. त्यात थोडं मीठमसाल्याचंही असायचं, ते ती नाकबूल करत नसे.

ही सवय कामावर सोडून येता येत नाही. ती माणसाबरोबर घरी येते. रेडिओच्या घरात कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नसे. आधी खांद्याला हात लावायचा, समोरच्याने तोंड वळवलं की मग बोलायचं. शिवाय घरात सासरे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. सगळा जन्म मागांवर काढलेला माणूस. "कान मागांनी घेतले आणि फुफ्फुसं कापसाच्या धुरळ्यानं," असं ते स्वतःच सांगायचे, सांगून हसायचे, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची ती लवकर थांबायची नाही. त्यांच्याशी तर तोंडासमोर तोंड धरूनच बोलावं लागे. आणि आबांची लाडकी म्हणजे रेडिओची लेक, दुसरीतली. सतत इकडून तिकडे सुरकन पळायची म्हणून आबांनी तिचं नाव खारू ठेवलेलं. आजा-नातीचं गूळपीठ असं की दोघं तासन्‌तास समोरासमोर बसून आवाज न करता गप्पा मारायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे. रेडिओही करायची.

नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातून एकदा घरी आला तर आला. फोन मात्र रोज करायचा. साधा फोन आला की खारू तो कानाला लावायची, लगेच काढायची आणि म्हणायची, "आधी चेहरा दाखवा." मग बापाने चित्राचा फोन लावायचा, तेव्हा कुठे बाईसाहेब बोलणार. "भारीच नखरे हिचे," बाप म्हणायचा आणि खूश व्हायचा.

असं सगळं बरं चाललेलं असताना साथ आली.

पहिल्यांदा ती लांब होती, बातम्यांमध्ये होती. मग गावात आली, मग गल्लीत, आणि मग एके दिवशी कारखान्यातला जॉबर गेला. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. दणकट होता, कधी साधी सर्दी झालेली कुणाला आठवत नव्हती. एका आठवड्यात खिशात पाना खुपसून शेडमध्ये फिरत होता, पुढच्या आठवड्यात नव्हता. त्याचा पाना खिळ्याला तसाच लटकत राहिला. कुणी हात लावेना. येता-जाता रेडिओची नजर त्या पान्याकडे जायची. असल्या माणसाला जे नेतं ते आबांना काय सोडणार? त्यांना तर जिना चढतानाच धाप लागते.

कारखाना काही महिने बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला तो तोंडं बांधूनच. सगळ्यांना मास्क सक्तीचा. पहिल्या दिवशी मावशीने तिच्याकडे बघून हवेत बटण पिरगाळल्यासारखं केलं. रेडिओ बंद. त्या खुणेवर दोघी पोट धरून हसल्या, पण ते हसणं मास्कच्या आतच राहिलं. त्यानंतर शेडमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. माग बोलायचे तेवढंच.

संध्याकाळी रेडिओ घरी यायची ती मागच्या दाराने. कपडे बादलीत, साबणाने कोपरापर्यंत हात, केसांवरून पाणी. मग ओल्या केसांनी उंबऱ्यात उभी राहून आधी आबांची छाती वरखाली होतेय का ते बघायची आणि मग आत पाऊल टाकायची. भीती अशी होती की ती धुतल्याने जात नव्हती. आपणच हे घरात आणणार, आपल्याच हातांनी, चहाच्या कपाबरोबर आबांना नेऊन देणार, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत असायचा.

खारूची शाळा तेव्हा फोनवर होती. सुरुवातीला काय सांगावं! फोनच्या पडद्यावर बाईंचा चेहरा एवढा मोठा यायचा, आणि खारू त्याला चिकटून बसायची. बाईंच्या तोंडातून शब्द निघायचा अवकाश, हिच्या तोंडून तो आलाच. पाढे, कविता, सगळं मुखोद्गत. रेडिओ मावशीला खुणांनी सांगायची, पोरगी नाव काढणार. मग पुढे बाईंकडे नेट पुरेना. बाईंनी स्वतःचं चित्र बंद केलं. पडद्यावर नुसतं पुस्तकाचं पान आणि मागून बाईंचा आवाज. आणि तिथून खारूचं सगळं बिनसलं.

बाई नाव घ्यायच्या, खारू खिडकीबाहेर बघत असायची. बाई प्रश्न विचारायच्या, खारू पेन्सिलीने नखावर चित्रं काढत असायची. शेजारी आबा असायचे, पण त्यांना फोनमधलं ओ की ठो कळत नसे. तक्रार रेडिओपर्यंत आली.

"अगं, बाई एवढं विचारत होत्या, तू कुठे होतीस?"

"बाई नव्हत्याच," खारू म्हणाली.

"नव्हत्या म्हणजे? फोन चालू होता ना?"

"नुसतं पान होतं."

"मोठी शहाणी! पानाला तोंड फुटलं होतं का मग?" रेडिओ चिडली. दिवसभर मागावर उभं राहून आलेल्या माणसाला आणखी काय सुचणार? तिला वाटलं, घरात कोंडून पोर आळशी झाली, वर सबबी सांगायला शिकली.

मग एके दुपारी बाईंचा फोन आला. शाळा उघडणार होती. ज्यांना मुलं पाठवायची त्यांनी पाठवावीत, ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी ठेवून फोनवरच शिकवावं. सक्ती नाही. "पण खरं सांगू का," बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी फार मागे पडलीय हो. उत्तरच देत नाही. अशीच राहिली तर पुढच्या वर्गात कशी टिकणार? बघा बाई, तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा! रेडिओचं डोकंच फिरलं. साथ आणली कुणी, शाळा बंद केली कुणी, उघडली कुणी, आणि ठरवायचं हिने! सक्ती केली असती तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी चार शिव्या हासडता आल्या असत्या.

तिने ज्याला त्याला विचारून पाहिलं. मावशी कारखान्याच्या अंगणात, चांगली लांब उभी राहून, मास्क हनुवटीवर ओढून म्हणाली, "मुळीच पाठवू नकोस. अक्षरं काय, पुढच्या वर्षी येतील. गेलेला सासरा येणार आहे का?" नवरा कुठल्याशा ढाब्यावरून म्हणाला, "तुला जे योग्य वाटेल ते कर." वा रे वा! ट्रकच्या मागे बघायला याला दोन-दोन आरसे, आणि घराकडे बघायला एक नाही. शेवटी तिने आबांनाच विचारलं, समोर बसून, ओठांनी. आबा म्हणाले, "पाठव. पोरीचं अख्खं वर्ष खायला मी कोण एवढा लागून गेलो?"

"असलं काही बोलायचं नाही," ती म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे आबांना ते वाक्य नीट वाचता आलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय?" तिने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

पातेल्यातला चहा उकळून उकळून काळा झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. पाठवलं आणि आबांना काही झालं तर? नाही पाठवलं आणि ही पोर जन्मभर मागेच राहिली तर? एका भीतीकडे पाठ केली की दुसरी समोर. कोणती मोठी, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तिने पाठवायचं ठरवलं ते आबांनी उठून स्वतःचा पलंग ओढत ओढत पलीकडच्या खिडकीशी नेला म्हणून. अर्ध्या वाटेत धाप लागून ते पलंगावरच बसले आणि तिला बोटाने शाळेची दिशा दाखवली.

कारखान्यातल्या कापडाच्या तुकड्यांचे तिने खारूसाठी मास्क शिवले. शाळेत पटांगणावर चुन्याची वर्तुळं आखली होती, प्रत्येक वर्तुळात एक मूल. फाटकात कपाळाला ताप मोजायचं यंत्र. बाकावर एकच जण. कुणी कुणाला शिवायचं नाही, डबा वाटून खायचा नाही. खारू पहिल्या दिवशी उड्या मारत गेली. घरी आली ती मान खाली घालून. काय शिकवलं, काही नाही. कुणाशी बोललीस, कुणाशी नाही. अंघोळ करून ती आपल्या कोपऱ्यात बसायची आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला पलंगावर आबा. मधे आईने आखून दिलेली रेघ. रेघेच्या अलीकडून पलीकडे दोघांची ओठांची बडबड चालायची, आणि तेवढा वेळच खारूचा चेहरा जरा फुलायचा.

काही दिवसांनी बाईंनी रेडिओला फाटकाशी थांबवलं. बाईंचा मास्क डोळ्यांच्या खालपर्यंत ओढलेला, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. "हे बघा, हिचं काहीतरी बघायला हवं. आज तिसऱ्यांदा विचारलं, आठ आणि सात किती. माझ्याकडे टक लावून बघते, डोळ्याची पापणी लवत नाही, आणि तोंडातून एक शब्द नाही. मला तर भीतीच वाटायला लागलीय. हट्ट आहे की आणखी काही?"

रेडिओने घरी आल्यावर खारूला समोर धरलं. "बाईंनी विचारलं तर उत्तर का दिलं नाहीस?"

"बाईंनी काही विचारलंच नाही," खारू म्हणाली.

"खोटं बोलतेस?"

"नाही विचारलं. बाई बोलल्याच नाहीत."

रेडिओचा हात उठला आणि गालावर बसला. जोरात नव्हता, पण बसला. खारू रडली नाही, आईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. पलीकडून आबा म्हणाले, "मारतेस कशाला?" आणि त्यांना खोकला आला. कोरडा आहे का? रोजचाच आहे का? रेडिओ कान देऊन ऐकत राहिली, आणि गालावरच्या बोटांचं तिला विसरायला झालं.

त्यातच खारूच्या वर्गातल्या एका मुलीला ताप आल्याचं कळलं. झालं! शाळा काही दिवस बंद. रेडिओ सकाळ-संध्याकाळ दोघांच्या कपाळाला हात लावत फिरायची. आबांना वास येतो का बघायला त्यांच्या नाकाखाली साबणाची वडी धरायची. "अगं, साबणाचा वास येतोय, किती वेळा सांगू," आबा वैतागून म्हणायचे. त्या मुलीचा ताप साधाच निघाला. पण तेवढ्या दिवसांत रेडिओ अर्धी झाली. तिने मनाशी पक्कं केलं, आता पुरे. काय व्हायचं ते शिक्षण होवो, पोर घरी बसेल.

हे बाईंना कळवायचं असं ठरवून ती कामावर गेली, आणि त्या दिवशी शेडमध्ये ते घडलं.

मागावर धोटा असतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना टोकदार, आत सुताची कांडी. तो दिवसभर मागाच्या या कडेकडून त्या कडेला फेकल्यासारखा पळत असतो. कधी पट्टा सैल पडला की धोटा मागातून उडतो, आणि उडाला की समोर डोकं आहे की भिंत आहे हे बघत नाही. एरवी कुणाचा धोटा वाकडा पळतोय हे शेजारणीला आधी दिसतं. ती तोंड वासून "खाली!" म्हणते, आणि ओठ दिसताच माणूस वाकतो. मागांवर जुन्या झालेल्या बायका याच एका शब्दावर जगलेल्या.

त्या दिवशी रेडिओने मान वर केली तेव्हा मावशी तिच्याकडे बघत होती. रेडिओही बघत राहिली. मावशीचे डोळे, मावशीचा मास्क. मास्क जरासा हलल्यासारखा वाटला. मावशी थकलीय वाटतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि कानाला वारा लागला. धोटा तिच्या कानाशेजारून गेला आणि मागच्या खांबाला लागून त्याचं टोक मोडलं.

मावशी धावत आली, मास्क ओढून काढला आणि गदागदा रडायला लागली. तिचे ओठ म्हणत होते, "किती ओरडले गं! खाली वाक म्हणून किती ओरडले! आणि तू अशी काय बघत राहिलीस माझ्याकडे, डोळ्याची पापणी न लवता?"

"मला वाटलं तू बोलतच नाहीयेस," रेडिओ म्हणाली.

हे म्हणता म्हणताच ती मागाच्या लोखंडी पायाशी खाली बसली. मावशीला वाटलं, धोट्याच्या धक्क्याने. धक्का धोट्याचा नव्हता. ते वाक्य तिने आधी ऐकलं होतं, आपल्याच घरात, आपल्याच पोरीच्या तोंडून, आणि ऐकून तिच्या थोबाडीत दिली होती.

मुकादमाला खुणेने सांगून ती निघाली. वाटेत पळत सुटली. नसेल असं, नसेल असं, असं स्वतःशी म्हणत ती पळत होती. मागच्या दाराने आत आली. हात धुवायचं भान नव्हतं. आबा खिडकीशी बसून रस्ता बघत होते. खारू पुढच्या दाराच्या पायरीवर, बाहेर तोंड करून, खडूने काहीतरी काढत होती. दोघांच्या पाठी तिच्याकडे होत्या. या घरात पाठीमागून हाक मारायची पद्धतच नव्हती. रेडिओने आयुष्यात पहिल्यांदा मारली.

"खारू."

मग मोठ्याने, "खारू!"

मग तिने शेल्फवरचं मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं, हात वर नेला आणि फरशीवर टाकून दिलं. झाकण आपटलं, घरंगळलं, भिंतीला धडकलं, पुन्हा आपटलं. शेजारीण स्वतःच्या घरातून धावत मागच्या दाराशी आली, "अगं बाई, काय पडलं?" आणि त्या दोन पाठी होत्या तशाच राहिल्या. म्हातारी पाठ आणि चिमुकली पाठ. खडू चालूच होता.

शेजारणीला ती काय म्हणाली ते तिला आठवत नाही. ती घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली, खारूच्या समोर. आईला बघताच खारूचा चेहरा उजळला. "आई! आज लवकर?" शब्द अगदी स्वच्छ होते. तिथेच तर सगळे फसले होते.

कानाच्या डॉक्टरांचा विभाग साथीच्या रुग्णांसाठी रिकामा केलेला. त्यांनी खारूला एका मोकळ्या व्हरांड्यात, लांबच्या लांब तपासलं. म्हणाले, एकाएकी झालेलं नाही, हळूहळू कमी होत गेलंय, दोन-तीन वर्षं तरी. कानाला यंत्र बसेल, पण त्याची नीट मोजमापं विभाग उघडल्यावरच. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" रेडिओ काय सांगणार? आमच्या घरात कानांचं काही कामच पडत नाही, असं?

घरी येताना तिला एकेक आठवत गेलं. आधी चेहरा दाखवा. बाई नव्हत्याच, नुसतं पान होतं. ती भर रस्त्यात रडली आणि मास्क ओला झाला. ओल्या मास्कने श्वास घेता येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खारूला घेऊन पटांगणात गेली आणि बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी प्लास्टिकच्या आतून डोळे मिटून घेतले. "अरे देवा. आणि मी तिला हट्टी म्हटलं."

"तुम्ही मास्क काढून शिकवा ना बाई," रेडिओ म्हणाली. "तुमचे ओठ दिसले की तिला सगळं येतं. फोनवर येत नव्हतं का सुरुवातीला? वाटलं तर फक्त तिच्यापुरता काढा."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. "एवढ्या मुलांमध्ये, बंद वर्गात? नाही हो जमणार. माझ्या घरी आई आहे. तिचं छातीचं दुखणं आहे. मीच हे घरी नेलं आणि तिला काही झालं तर मी काय करू, सांगा!"

हेच रेडिओ रोज ओल्या केसांनी उंबऱ्यात उभी राहून म्हणत आली होती. क्षणभर तिला रागच आला, बाईंचा, त्यांच्या आईचा, सगळ्यांचा. मग लाजही वाटली. स्वतःच्या सासऱ्यासाठी जीव मुठीत धरायचा आणि दुसरीला म्हणायचं, तुझ्या आईचं बघून घे. दोघी बायका चुन्याच्या दोन वर्तुळांत समोरासमोर उभ्या राहिल्या.

पटांगण रिकामं होतं. पार दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीची भिंत. रेडिओ त्या भिंतीकडे बघत राहिली. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाचं अंतर असेल जवळपास.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही जवळ येऊच नका. लांब जा. त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहा आणि तिथे काढा. वारा आहे, आसपास कुणी नाही. तिथून तुमचं आम्हाला काही लागणार नाही आणि आमचं तुम्हाला."

"एवढ्या लांबून तिला ऐकू कसं जाणार?"

"ऐकू जायचंच नाहीये, बाई. फक्त सावकाश बोला आणि तोंड मोठं उघडा. आम्ही अख्खा जन्म असंच बोलत आलोय."

बाई गेल्या. भिंतीशी पोचून त्यांनी आजूबाजूला बघितलं, प्लास्टिक काढलं, मास्कची एका कानावरची नाडी सोडली. रेडिओने त्यांचा पूर्ण चेहरा किती महिन्यांनी बघितला. पोरसवदाच होत्या त्या. घाबरलेल्या ओठांनी त्या म्हणाल्या, "खारू. आठ आणि सात किती?"

खारूने झटक्यात मागे वळून आईकडे बघितलं. डोळे एवढाले झालेले. "आई! साथ संपली?"

रेडिओने आपला मास्क खाली ओढला. "का गं?"

"बाई बोलल्या!" खारू म्हणाली. "साथ आहे तोवर मास्क घालायचा आणि बोलायचं नाही ना. बाहेर सगळे गप्पच असतात ना. मीपण गप्प होते. शाळेत मी एकदासुद्धा नाही बोलले. मी सगळं नीट पाळलं."

रेडिओ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ज्या गालावर हात बसला होता तो गाल अगदी जवळ होता. तिला खोटं सांगावंसं वाटलं, संपली म्हणून. पण हे ओठ वाचणारं पोर होतं.

"नाही संपली," ती म्हणाली.

खारूचा चेहरा एकदम उतरला. तिने भिंतीकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या डोळ्यांत तीच भीती होती जी रेडिओ रोज बादलीत कपड्यांबरोबर भिजत घालायची. एवढ्याशा पोरीलाही ती वाटत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बाईंना सांग ना मास्क लावायला," खारू रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्यांना होईल. त्या मरतील."

"आधी उत्तर दे. त्या केव्हाच्या थांबल्यात."

खारूने घाईघाईने स्वतःचा मास्क खाली केला. आबांशी बोलताना करायची तसं तोंड मोठं उघडून, आवाज न करता तिने उत्तर दिलं, आणि बाईंना नाही कळलं तर म्हणून दोन्ही हातांची बोटं आधी सगळी आणि मग एका हाताची पाच, अशी दाखवली. पंधरा. बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

पण खारूचं अजून झालं नव्हतं. ती चुन्याच्या वर्तुळातच टाचा उंचावून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन पुन्हा पुन्हा खूण करत होती, लावा, बाई, लावा आता, लवकर लावा. बाईंनी मास्क कानाला अडकवेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.